धडा अकरावा

पुस्तकातल्या चित्रात एक मुलगी खिडकीशी उभी,
खाली रस्त्यावर भिजलेल्या छत्र्या.
रुखसार बागवान फळ्यावर लिहिते: पीगा ओना ब्वायो.
"पाऊस पडतोय वाटतं. पण मॅडम,
स्वतः भिजून आल्यावर असं म्हणता येत नाही.
ओल्या छत्र्या बघणाऱ्यानंच हे म्हणायचं."
गोकुळ शिरगावच्या बसमधून उतरून मी नखशिखांत भिजलेली.
तरी वहीत उतरवून घेते.

ती बावीसची, मी एकेचाळीस.
फौंड्रीत दिवसभर कास्टिंगची बिलं लावते,
तिथं शंकेला खातं नाही.
साहेब विचारतात, ट्रक गेला का?
गेला असेल, म्हटलं की भुवया वर:
असेल म्हणजे?
आहे का नाही, तेवढं बोला.

इथं गंगावेशीत, जिन्यावरच्या खोलीत,
'असेल'साठी अख्खा धडा आहे.
नुसतं मनाला वाटलं तर गॉत काथायो.
खूण दिसली पण गोष्ट दिसली नाही, तर ना ब्वायो.
आणि एक लांबलचक, ल्-ची-दो मोल्लायो,
ज्यात होईलही म्हणता म्हणता
शेवटी सरळ कबूल करायचं: माहीत नाही.
क्रियापद शेवटाला, आपल्यासारखंच,
म्हणून शंकाही शेवटाला.
तोवर ऐकणाऱ्यानं खरं धरून बसायचं.

खाली हाच धडा पुस्तकाशिवाय चाललाय.
जामदार क्लबापतूर आलंय म्हणं.
राधानगरीची दोन दारं उघडल्यात म्हणत्यात.
आज रातीत काय वाढत न्हाई बघ.
मी विचारते, रुखसार, 'म्हणं'ला काय म्हणतात?
ती पानं चाळते.
"तो सोळावा धडा. परीक्षेनंतर."
परीक्षा रविवारी, पुण्यात.
शिरोलीपाशी हायवे उघडा राहिला तर.

अण्णा पाटबंधाऱ्यात होते.
रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन बंधाऱ्यावर जायचे,
पट्टी वाचायचे, फोनवर ओरडून सांगायचे:
एकोणचाळीस फूट, चार इंच.
सकाळपर्यंत किती होईल, असं कुणी विचारलं
की खवळायचे.
अंदाज ज्योतिषाला इचार. मी पट्टी वाचतो.

आता त्यांना विचारलं, चहा घेतला का,
तर आधी कपात बघतात.
"कप रिकामा हाय. म्हंजे घेतला असंल."

मी वहीतला नियम काढून पुन्हा वाचला.
स्वतःवर गुदरलेल्या गोष्टीला हे रूप लागत नाही.
अण्णांना लागतं.
पायाला चिखल, म्हणजे बाहेर गेलो असंन.
भिंतीवर हार घातलेला फोटो, म्हणजे ही बाई वारली असंल.
परवा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.
"किल्ल्या तुझ्याकडं हाईत.
म्हंजे तू घरातलीच असशील."
मी म्हटलं, हो.
खूण बरोबर वाचली होती त्यांनी.

काल लाइट गेली.
दोनच्या सुमाराला खाट करकरली, अण्णा उठून बसले,
अंधारात पाय चपला शोधताहेत.
बॅटरी कुठाय? पट्टी बघायची हाय.
मी त्यांचा हात धरला. हात ओढ घेत होता.
म्हटलं, मी बघून आले, अण्णा.
किती?
संध्याकाळी फोनवर आलेला आकडा आठवला.
चाळीस फूट.
इंच?

पाऊस पत्र्यावर एकसारखा वाजत होता.
खोटा आकडा जिभेवर तयार होता,
पण ह्या माणसाला खोटे इंच कसे द्यायचे?
मराठीत 'माहीत नाही' म्हटलं असतं
तर तसेच निघाले असते अंधारात.

मोल्लायो, मी म्हटलं.

अण्णांनी मान डोलावली.
हात सैल झाला.
उशीवर पडता पडता म्हणाले,
"लिहून ठेव."